मुलांना शेतावर केव्हा न्यावे: एकच शेत, वर्षातून चार फेऱ्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत, त्यांना वर्षभरात ग्रामीण भागातील निरनिराळी शेते दाखवायची आहेत, तर कोणत्या ऋतूत कोठे जावे आणि एका दिवसात किती शेते पाहून होतात? मागच्या सहलीत मुले तासाभरात कंटाळली, असेही आपण लिहिले आहे. गेली चौदा वर्षे मी आधी स्वतःच्या आणि आता भावंडांच्या मुलांना घेऊन शेतांवर जात आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की, चार शेते एकेकदा पाहण्यापेक्षा घरापासून सोयीच्या अंतरावरचे एकच चांगले शेत निवडावे आणि तेथे वर्षातून चारदा जावे. पहिल्या फेरीत जे वासरू धडपडत उभे राहताना पाहिले, ते तिसऱ्या फेरीत आपल्या खांद्याला लागते, हे मुलांना जितके लक्षात राहते तितके चार ठिकाणच्या चार गायी पाहून राहत नाही.

मुले कंटाळली याचा दोष मी शेताला देणार नाही. आपण तेथे अकराच्या पुढे पोहोचला असाल, असा माझा अंदाज आहे. भर दुपारी कोणतेही शेत झोपलेले असते. जनावरे सावलीला बसून रवंथ करत असतात (गाय दिवसाकाठी सहा ते आठ तास रवंथ करते), कोंबड्या मातीत अंग घोळवून पडलेल्या असतात आणि माणसेही विसावा घेत असतात. धारा बहुतेक ठिकाणी पहाटे आणि संध्याकाळी, साधारण बारा तासांच्या अंतराने काढल्या जातात, म्हणून ऋतू कोणताही असो, भेट त्यांपैकी एका वेळेला जोडून ठरवावी. धार काढणे म्हणजे नळ सोडणे नव्हे, हे मुलांना तेथेच कळते. कास धुऊन, सड चोळून झाल्यावर मिनिटभराने गाय पान्हा सोडते, कारण त्या स्पर्शाने तिच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक उतरते; पण तेवढ्यात कोणी किंचाळले किंवा तिच्या मागून धावत गेले, तर ती भेदरते आणि पान्हा चोरते. माझ्या धाकट्या भाच्याला घरी कधी कोणी पाच मिनिटे गप्प बसवू शकलेले नाही. त्याला गोठ्यात एका बाईंनी एवढेच सांगितले की, तू बोललास तर ती दूध देणार नाही, आणि तो तोंडावर हात ठेवून धार संपेपर्यंत उभा राहिला.

आता ऋतूंविषयी. शेताचे ऋतू तेथे चाललेल्या कामावरून ओळखावेत, कारण प्रत्येक प्रदेशात थंडी, ऊन आणि पाऊस यांचे वेळापत्रक वेगळे असते. पिल्लांचा काळ, फुलोऱ्याचा काळ, काढणीचा काळ आणि विश्रांतीचा काळ हे चार टप्पे मात्र बहुतेक ठिकाणी सापडतात.

पिल्लांचा काळ सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत सांभाळून पाहण्याचाही तोच आहे. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले की मेंढ्या माजावर येतात आणि साधारण पाच महिन्यांनी, म्हणजे हिवाळा सरता सरता, कोकरे जन्मतात. विषुववृत्ताजवळ हे चक्र सैल पडते आणि कोकरे वर्षभर दिसू शकतात. दुधाच्या गायी मात्र एका ठरावीक ऋतूतच वितात असे नाही, त्यामुळे मोठ्या गोठ्यात एखादे नवे वासरू बहुधा केव्हाही असते. नऊ वर्षांच्या मुलाला मी चिकाची गोष्ट आवर्जून सांगतो. वासराला गर्भात असताना आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती व्याल्यानंतरच्या पहिल्या घट्ट, पिवळसर दुधातून मिळतात, आणि वासराचे आतडे ती जेमतेम पहिल्या दिवसापर्यंतच शोषू शकते. म्हणून चीक वासराच्या पोटात लवकर जावा यासाठी गोठ्यातल्या माणसांची एवढी घाई चाललेली असते.

सांभाळायचे ते असे. वरवर निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या शेणातूनही माणसाला आजारी पाडणारे जंतू पसरतात. 2009 मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यातील एका शेताला भेट दिलेल्यांपैकी 93 जणांना ई-कोलाय ओ 157 या जंतूची लागण झाली होती आणि त्यांत बहुतांश लहान मुले होती. हा जंतू काही मुलांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे आपल्या चार वर्षांच्या मुलाबाबत येथे सवलत नको. जनावरांना हात लावल्यानंतर आणि काहीही खाण्यापूर्वी साबणाने, वाहत्या पाण्याखाली, किमान वीस सेकंद हात धुवावेत. खिशातल्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये, कारण शेण-मातीने माखलेल्या हातावर तो नीट काम करत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवावर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. अंगठा चोखण्याची सवय असलेल्या मुलावर विशेष लक्ष ठेवावे. कच्चे दूध कौतुकाने पुढे केले तरी नम्रपणे नाकारावे. घरात कोणी गरोदर असेल, तर तिने मेंढ्या विण्याच्या काळात त्यांच्या वाड्यात जाऊ नये, कारण मेंढ्यांचा गर्भपात घडवणारे काही जंतू माणसाच्या गर्भालाही घातक ठरतात.

कोंबड्यांचे काम कोणत्याही फेरीत जमते, परंतु खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली आहे असे कळले तर दिवस मोजून जावे, कारण उबवणीला 21 दिवस लागतात आणि शेवटच्या दिवशी कवचाला पडलेले पहिले छिद्र पाहणे हा वेगळाच आनंद आहे.

फुलोऱ्याच्या काळाला पालक नाके मुरडतात, कारण तेव्हा तोडून घरी नेण्यासारखे काहीच तयार नसते. मला स्वतःला हीच फेरी सर्वांत प्रिय आहे. भोपळ्याच्या वेलाजवळ सकाळी लवकर पोहोचावे, कारण ती पिवळी फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. नर फुलाचा देठ सडपातळ असतो. मादी फुलाच्या मागे मात्र अंगठ्याएवढा भोपळा आधीपासूनच लागलेला असतो. मधमाशीने परागकण आणून पोहोचवले तर तो वाढतो, नाहीतर काही दिवसांत पिवळा पडून गळतो. चार वर्षांच्या मुलालाही हा फरक एकदा दाखवला की ते स्वतः वेलावर ‘आई फुले’ शोधत फिरते. मक्याचेही तसेच आहे. कणसाच्या टोकाला लोंबणारा प्रत्येक रेशमी केस आत एकेका दाण्याच्या जागेशी जोडलेला असतो, आणि ज्या केसावर तुऱ्यातला पराग पडला नाही, त्याची जागा कणसात रिकामी राहते. हे आत्ता सांगून ठेवावे आणि काढणीच्या फेरीत कणीस सोलून रिकाम्या जागा मोजायला लावाव्यात. नऊ वर्षांच्या मुलाला दाण्यांच्या उभ्या ओळीही मोजू द्याव्यात. त्यांची संख्या जवळजवळ नेहमी सम येते.

काढणीच्या काळाबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण सर्व जण तेव्हाच जातात. फळे तोडायला देणारे शेत असेल तर सकाळच्या गारव्यात तोडावीत आणि कोणते फळ तोडल्यावर पिकते, हे आधी समजून घ्यावे. स्ट्रॉबेरी देठापासून तुटली की तिचे पिकणे थांबते, म्हणून पूर्ण लाल झालेलीच घ्यावी. सफरचंद किंवा टोमॅटो नंतरही पिकतो. शेवटची फवारणी केव्हा झाली आणि तोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ उलटला आहे का, हे विचारण्यात संकोच नको. प्रामाणिक शेतकरी या प्रश्नाने दुखावत नाही. या दिवसांत यंत्रे मात्र सतत चालू असतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे, तसेच धान्याच्या ढिगावर किंवा कोठारात मुलांना खेळू देऊ नये, कारण सुटे, वाहते धान्य माणसाला काही सेकंदांत आत ओढते.

विश्रांतीच्या काळात लोक शेताकडे फिरकत नाहीत, आणि नेमके त्यामुळेच शेतकऱ्याला आपल्याशी बोलायला सवड असते. जेथे दिवस लहान होतात तेथे कोंबड्यांची अंडी घटतात, कारण भरपूर अंडी घालण्यासाठी त्यांना दिवसाला चौदा ते सोळा तास प्रकाश लागतो; याचे उत्तर मुलांना सांगण्याऐवजी खुराड्यातच विचारावे. थंडीच्या सकाळी खताच्या ढिगातून वाफ निघताना दिसते. मालकाच्या परवानगीने त्यात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढावी आणि हाताची पाठ नुसती जवळ नेऊन ऊब पहावी. कोणी आग न लावता सूक्ष्मजीवांनी तो ढीग 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला असतो.

एका दिवसात किती शेते, याचे माझे उत्तर एक असे आहे, आणि त्यामागे केवळ मुलांचा दमसास नाही. बुटांना चिकटलेल्या चिखलातून जनावरांचे रोग एका गोठ्यातून दुसऱ्यात जातात. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि ग्रामीण भागातील पायवाटादेखील बंद ठेवाव्या लागल्या. म्हणून दुसरीकडे जायचेच असेल, तर बूट घासून धुऊन, शक्यतो दुसऱ्या दिवशी जावे.

फाटकांबाबत माझी एक चूक सांगतो. एका शेतावर मला एक फाटक सताड उघडे दिसले. कोणीतरी विसरले असेल असे समजून मी ते मोठ्या जबाबदारीने लावून घेतले. प्रत्यक्षात ते पाण्याच्या हौदाकडे जाणाऱ्या वाटेवरचे फाटक होते आणि उन्हाच्या दिवसात गायी दुपारभर तहानलेल्या राहिल्या. मालकांनी मला एका शब्दाने दुखावले नाही, त्यामुळे अधिकच ओशाळल्यासारखे झाले. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे, हे मुलांना पहिल्याच फेरीत सांगून टाकावे.

राहिला प्रश्न शेत निवडण्याचा. इटलीने 1985 मध्ये कृषी पर्यटनाचा कायदा केला, तेव्हा त्यात शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार तिला पूरक असावा, अशी अट घातली. मी शेत निवडताना हीच कसोटी लावतो. छायाचित्रे पाहून ठरवू नये. दूरध्वनी करावा आणि ‘या आठवड्यात आपल्याकडे काय काम चालू आहे?’ एवढेच विचारावे. उत्तरादाखल झोके, घसरगुंड्या आणि छोट्या रेल्वेची यादी ऐकू आली तर ती बाग आहे. तेथेही जावे, पण वर्षातून चारदा जाण्यासारखे ते ठिकाण नव्हे. उलट ‘आत्ता येऊ नका, पेरणीची गडबड आहे, पंधरा दिवसांनी एक गाय व्यायची आहे तेव्हा या’ असे कोणी सांगितले, तर तो क्रमांक जपून ठेवावा, आणि हात धुण्याची सोय कोठे आहे तेवढे त्याच वेळी विचारून घ्यावे.