गुटीवरून रुसवा नको

प्रश्न: सुनेचं बाळंतपण झालं म्हणून सांगलीहून पुण्याला मुलाकडे आलेय. सहाण, बाळहिरडा, वेखंड सगळं सोबत आणलं, पण मध घालून गुटी द्यायला गेले तर सून म्हणाली, आई नको, डॉक्टरांनी सांगितलंय. फार लागलं मनाला. परत जाऊ का?

उत्तर: काकू, जाऊ नका हो! तुम्ही प्रेमाने आणलंत ते कळतंय, पण सुनेचं बरोबर आहे. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि मध तर १ वर्षाचं होईपर्यंत अजिबात नको, त्यातून बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पूर्वी हे कुणाला माहीत होतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. आणि खरं सांगू, तुमची गरज बाळापेक्षा सुनेला जास्त आहे. रात्री ३ वाजता ती एकटी पाजत बसलेली असते ना, तेव्हा नुसता पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवून बघा. सकाळी अळिवाची खीर, डिंकाचा लाडू द्या, नंतर बाळाला मांडीवर घेऊन बसा म्हणजे तिला तासभर तरी झोप मिळेल.