ट्रॅक्टरला नांगर तीन ठिकाणीच का जोडतात? एका पिनवर भागत नाही का?

आधी एकाच ठिकाणी जोडायचे, म्हणजे बैलाचा नांगर ट्रॅक्टरला ओढायला लावल्यासारखंच, आणि फाळ दगडाला किंवा मुळाला अडकला की मागची चाकं फिरतच राहायची, पुढचं तोंड वर उठायचं आणि ट्रॅक्टर उलटून थेट ड्रायव्हरच्या अंगावर, कित्येक माणसं गेली अशी. यावर उपाय काढला हॅरी फर्ग्युसनने, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, भारी डोक्याचा माणूस, 1909 मध्ये स्वतः बनवलेलं विमान उडवलं होतं पठ्ठ्याने! खाली दोन आर्म आणि वर एक टॉप लिंक, नांगर अडकला की ती वरची लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते म्हणून तोंड उठत नाही, शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, ग्रिप वाढते, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही चालतो. नांगर वर-खाली करायला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा.

1938 ला हेन्री फोर्डशी नुसता हात मिळवून सौदा झाला, कागद नाही काही, 1939 ला ही जोडणी असलेला फोर्ड 9एन ट्रॅक्टर आला, मग फोर्डच्या नातवाने सौदा मोडला, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि 1952 मध्ये सव्वानऊ मिलियन डॉलरच्या आसपास तडजोड झाली. मॅसी फर्ग्युसन या ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन तो हाच.