अमेरिकेत गर्भपाताच्या कायद्यावर राज्यांचे आमदार मतदान कसं करतात? साधं बहुमत पुरतं का?

नेहमी पुरत नाही. जून २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा विषय राज्यांकडे सोपवला आणि प्रत्येक राज्याची कार्यपद्धती वेगळी. नेब्रास्काचं उदाहरण बघा. तिथे एकच सभागृह, ४९ सदस्य. विरोधक भाषणं लांबवत बसले तर चर्चा थांबवायलाच ३३ मतं लागतात. एप्रिल २०२३ मध्ये साधारण सहा आठवड्यांनंतर बंदी घालणाऱ्या विधेयकाला ३२ मिळाली. रिपब्लिकन सदस्य मर्व्ह रीपी ‘हजर, पण मत नाही’ असे राहिले. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे विरोधातच मत, कारण ३३ चा आकडा एकूण सदस्यांवर मोजतात, हजर असलेल्यांवर नाही. गंमत म्हणजे विधेयकाच्या समर्थकांत त्यांचं स्वतःचं नाव होतं! त्यांना १२ आठवडे हवे होते. मे महिन्यात १२ आठवड्यांची तरतूद ट्रान्सजेंडर मुलांवरील उपचारांच्या विधेयकाला दुरुस्ती म्हणून जोडली आणि ते ३३ विरुद्ध १५ असं मंजूर झालं.

आपल्याकडे १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा संसदेचा आहे. २०२१ ची दुरुस्तीही तिथेच झाली.