ड्रमरने किती वाजवावे?

प्रश्न : माझा मुलगा ड्रम शिकतो आणि कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. त्याचा हात चांगला तयार आहे, पण तो ‘फार वाजवतो’ अशी बँडमधल्या मित्रांची तक्रार असते. रॉक, पॉप आणि फोक बँडमध्ये ड्रमरचे काम एकच असते का? बीटल्सचा रिंगो स्टार सोलो वाजवत नसे, तरी त्याला मोठा का मानतात? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. रिंगो ऑगस्ट १९६२ मध्ये बीटल्समध्ये आला. पुढच्याच महिन्यात ‘लव्ह मी डू’च्या ध्वनिमुद्रणासाठी अँडी व्हाइट नावाचा बाहेरचा ड्रमर बोलावण्यात आला आणि रिंगोच्या हाती खंजिरी देण्यात आली. असा अपमान गिळूनही, आपण किती वाजवू शकतो हे दाखवून देण्याच्या मागे तो पुढे कधी लागला नाही. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा सोलो एकच, तोही काही सेकंदांचा, १९६९ च्या ‘द एंड’मध्ये, आणि त्यालाही तो नाखुशीनेच तयार झाला. मात्र १९६६ चे ‘रेन’ लक्ष देऊन ऐका. तो डावखुरा, पण उजव्या हाताच्या मांडणीचे किट (ड्रमचा संच) वाजवणारा. त्यामुळे गाण्याच्या ओळींमधल्या जागा भरताना त्याचे हात इतरांपेक्षा वेगळ्या वाटेने फिरत, आणि ही भरणी गायक जॉन लेननचा आवाज थांबतो तेवढ्याच जागेत बसते.

रॉकच्या चार मात्रांत वजन असते ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरच्या (तडतडीत आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) ठोक्याला, ज्याला बॅकबीट म्हणतात. समेकडे कान लावून बसणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे आधी उलटे वाटते. रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचे चित्रीकरण पाहिल्यास एक गोष्ट दिसेल : उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीवर, सारखा चालू असतो, पण स्नेअरचा ठोका पडायच्या क्षणी ती काठी अलगद वर उचलली जाते, म्हणजे स्नेअर एकटाच वाजतो आणि ठळक होतो. न वाजवलेल्या ठोक्याने वाजवलेल्याला उठाव देणारी ही जाण मला कोणत्याही वेगवान सोलोहून मोठी वाटते. शिवाय बहुतेक बँड ड्रमरच्या मागे चालतात, तर वॉट्स कीथ रिचर्ड्सच्या गिटारमागे चालत असे. त्यातून येणारी किंचितशी ओढाताण हीच त्या बँडची चाल झाली.

याचा अर्थ सोलो वर्ज्य आहे असा नव्हे. लेड झेपेलिनचा जॉन बोनहॅम रंगमंचावर वीस मिनिटांहून अधिक काळ एकटा वाजवीत असे, कारण त्या वेळी बाकीचे तिघे त्याला मैदान मोकळे करून देत. सप्टेंबर १९८० मध्ये तो मरण पावल्यावर त्यांनी दुसरा ड्रमर न शोधता बँडच थांबवला.

पॉपमध्ये ड्रमर बहुधा स्टुडिओत बोलावलेला असतो आणि साठच्या दशकात तर त्याचे नावही तबकडीवर छापले जात नसे. हॅल ब्लेनने १९६३ च्या ‘बी माय बेबी’च्या आरंभी वाजवलेला ठेका पाहा : तीन ठोके पायाने वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमचे आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा एकच.

फोकची, म्हणजे लोकसंगीताची, गोष्ट सर्वांत अवघड, कारण तेथे मूळ गाण्यात ड्रम नसतातच. मे १९६९ मध्ये इंग्लंडच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा तरुण ड्रमर मार्टिन लँबल गाडीच्या अपघातात मरण पावला आणि त्याच्या जागी डेव्ह मॅटॅक्स आला. तो नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या बँडमधून आलेला, लोकगीते त्याला नवी. त्याच वर्षीच्या ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ या गाण्यात बँडची गायिका सँडी डेनी व्यभिचार आणि खून यांची लांबलचक कथा कडव्यामागून कडवे सांगत जाते, मॅटॅक्स तिच्या शब्दांवर पाय न देता मागे चालत राहतो आणि कथा संपून फिडल व गिटार पुढे सरसावल्यावरच हात मोकळे सोडतो. ख्यालात गायक मुखडा धरून ठेवतो तेव्हाच तबलजी वाजवून घेतो, तीच ही रीत.

तेव्हा चिरंजिवांना एवढेच सांगा : बँडच्या सरावाचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे आणि गायकाचे शब्द कोठे बुडतात ते टिपून तेथील ठोके काढून टाकावेत. आठवड्यातून एकदा फक्त बेस गिटार वाजवणाऱ्या मित्राबरोबर बसून, एकच साधा ठेका लय न वाढवता पाच मिनिटे धरून ठेवावा. वेगवान हात असणाऱ्यांना हेच सर्वांत जड जाते.