न्यू जर्सीतल्या घरात आईसाठी वॉक-इन बाथटब बसवायचा, तर एकूण खर्च किती धरावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: एडिसनमधलं जुनं घर, बाथरूम वरच्या मजल्यावर, नेहमीचा पाच फुटी टब, आईला काठावरून पाय पलीकडे टाकता येत नाही. घरी येऊन गेलेल्या विक्रेत्याने १७ हजार डॉलर सांगितलेत, एवढे लागतातच का?

लागत नाहीत. साधा वॉक-इन टब, म्हणजे दार, बैठक, नळ आणि हँड शॉवर एवढंच असलेला (दुकानात 'सोकर' म्हणून मागा), अंदाजे अडीच ते पाच हजारांत येतो. जेट्स, म्हणजे आतून पाण्याचे किंवा हवेचे झोत सोडणारी तोंडं, लागले की चार ते दहा हजार. जुना टब काढणं, नवा लेव्हलमध्ये बसवणं आणि ड्रेन जुळवणं याचे प्लंबर दीड ते चार हजार घेतो. जेट्सच्या पंपाला, ब्लोअरला आणि हीटरला जीएफसीआय (शॉक बसायच्या आत वीज तोडणारं उपकरण) असलेली स्वतंत्र सर्किटं ओढावी लागतात, त्याचे पाचशे ते दीड हजार वेगळे. सोकरला वीज लागतच नाही. म्हणजे स्वतंत्र प्लंबर गाठलात तर सोकर साधारण चार ते नऊ हजारांत बसतो. घरोघर जाऊन विकणाऱ्या कंपन्या तेच काम १२ ते २० हजारांना करतात, कारण जाहिरात आणि विक्रेत्याचं कमिशनही तुमच्याच बिलात असतं.

पण खरी फसगत होते ती गरम पाण्यात, आणि त्याबद्दल विक्रेता स्वतःहून बोलत नाही. या टबमध्ये अंग बुडायला ४० ते ६० गॅलन पाणी लागतं. आपण ५० धरू. जानेवारीत नळाचं पाणी ५० अंश फॅरनहाइट, वॉटर हीटर १२० वर, आणि आंघोळीला हवं १०४. हिशेब केला तर टबातलं सुमारे ७७ टक्के पाणी गरम नळाचं लागतं, म्हणजे ३८ गॅलनच्या वर. ४० गॅलनच्या टाकीतून गार व्हायच्या आधी जेमतेम ७० टक्के, म्हणजे २८ गॅलन गरम पाणी निघतं. टब पाऊण भरत आला की नळ गार पडतो, आणि आई तोवर आत बसलेली असते. मोठी टाकी बसवायची तर आणखी दीड ते तीन हजार. टाकी ५० गॅलनची असेल तर ती न बदलता हीटर १४० वर नेऊन टाकीशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात आपोआप गार मिसळून तापमान ठरावीक ठेवणारा) लावता येतो. मग टाकीतलं ३० गॅलन पाणी पुरतं. व्हॉल्व्हशिवाय मात्र हीटर चढवू नका. १४० च्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. तेव्हा टबचे कॅटलॉग बघण्याआधी तळघरात जाऊन हीटरवरचं लेबल वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे बसून राहणं. दार उघडं असताना पाणी भरता येत नाही आणि पाणी पूर्ण उतरल्याशिवाय दार उघडता येत नाही. अर्ध्या इंची पाइपने भरायला दहा मिनिटं सहज जातात. उतरायला किती वेळ लागेल ते ड्रेनवर. दीड इंची जुना ड्रेन असेल तर ओल्या अंगाने कुडकुडत बसावं लागतं. दोन इंची ड्रेन करून घेता आला तर करा. दार आत उघडणारं असेल तर पाण्याच्या दाबानेच ते घट्ट बसतं, गळती कमी होते. पण आत चक्कर आली तर पाणी उतरेपर्यंत बाहेरून कोणाला दार उघडता येत नाही. चाकाच्या खुर्चीवरून सरकून बसायचं असेल तर बाहेर उघडणारं दारच हवं.

मोजमाप स्वतः करा. टब २६ ते ३२ इंच रुंद असतो आणि जुन्या घरात बाथरूमचं दार २४ इंचांचंही सापडतं. मग चौकट काढण्याचे पैसे वाढतात. ड्रेन डावीकडे की उजवीकडे हे ऑर्डरीआधी बघा. भिंतीकडच्या कडेला टाइल फ्लँज (टाइलच्या मागे जाणारी उभी पट्टी) नसेल तर शॉवरचं पाणी मागे उतरून खालच्या छताला डाग पडतात. पाय लेव्हलमध्ये नसतील तर दार तिरकं बसतं आणि गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, गळतं. वरचा मजला आहे म्हणून वजनाचंही बघा: ५० गॅलन पाणी ४१७ पौंड, टब दोनशेच्या पुढे, त्यात माणूस. साडेबारा चौरस फुटांवर ८०० पौंड, म्हणजे चौरस फुटाला ६४. घराची जमीन साधारण ४० धरून बांधलेली असते. जॉइस्ट (जमिनीखालच्या लाकडी तुळया) चांगले असतील तर निभतं, पण जुना टब निघाल्यावर लाकूड कुजलेलं नाही ना, हे टोचून बघायला लावा.

जेट्स मी घेऊ देणार नाही. आपल्याकडच्या आया तेल लावून न्हातात. तेल आणि उटणं जेट्सच्या पाइपात जाऊन बसतं, वास येतो, पंप बिघडतो.

आणि मुळात टबच हवा का? जन्मभर चौरंगावर बसून तांब्याने आंघोळ केलेल्या बाईला गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं नसतं. टबाच्या जागी उंबरा नसलेला शॉवर, आत बैठक आणि हँड शॉवर हे काम तीन ते दहा हजारांत होतं, आणि वॉक-इन टबला असतो तसा तीन ते सात इंचांचा उंबराही ओलांडावा लागत नाही. त्याही आधी शे-दीडशे डॉलरचं ट्रान्सफर बेंच आणून महिनाभर वापरून बघा: त्याचे दोन पाय टबाबाहेर, दोन आत, बाहेर बसायचं आणि आत सरकायचं. सोबत ग्रॅब बार, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबात) स्क्रू करून. नुसत्या ड्रायवॉलमध्ये प्लॅस्टिकच्या अँकरवर लावलेला बार नेमका आधाराच्या वेळी उपटून येतो.

आईला मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) मिळत असलं तरी मूळ मेडिकेअर वॉक-इन टबचे पैसे देत नाही. 'कव्हर होतं' असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आई करासाठी तुमच्यावर अवलंबून असेल आणि तुम्ही आयटमाइझ करत असाल (ठरावीक सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवत असाल), तर डॉक्टरांचं पत्र ठेवा: वैद्यकीय खर्चाचा उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा भाग वजा होतो. घराची किंमत वाढते तेवढी रक्कम मात्र त्यात धरता येत नाही.

'आज सही केली तरच हा भाव' याला भुलू नका. सही झालीच असेल तर घरी झालेला सौदा तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी रद्द करता येतो. यात शनिवार मोजला जातो, रविवार नाही. कंत्राटदाराचा न्यू जर्सीतला नोंदणी क्रमांक तपासा. करारात हे लिहून घ्या: परमिट कोण काढणार, जुना टब कोण नेणार, जमीन कुजलेली निघाली तर दुरुस्तीचा दर काय, आणि दाराच्या गॅस्केटची वॉरंटी किती वर्षं, ते बदलायला येण्याची मजुरी धरून की नुसत्या रबराची.