आधी एक जागा धर

प्रिय बाळा,

तुझा रात्री उशिरा आलेला मेसेज सकाळी वाचला. ऐरोलीत येऊन इतके महिने झाले, तरी ऑफिस ते खोली आणि खोली ते ऑफिस एवढीच मुंबई पाहिली, शनिवार-रविवार लोकांच्या भटकंतीचे व्हिडिओ बघण्यात जातात, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर जायचं कुठे आणि कुणाबरोबर हेच कळत नाही, असं लिहिलंयस. तुझी आई म्हणेल, एवढ्या मोठ्या शहरात करमत नाही म्हणजे काय! मला मात्र ते पूर्ण पटतं. परभणीत काही शोधावं लागत नाही. नाटक आलं की रिक्षाला भोंगा लावून गावभर सांगत फिरतात, उरूस भरला की घरातलं शेंडेफळ आधी खबर आणतं. मुंबईत एकाच संध्याकाळी ढीगभर गोष्टी चालू असतात आणि त्यातली एकही तुझ्या खोलीपर्यंत पोचत नाही. यात तुझं काही चुकत नाहीये.

तू फोनवर 'या वीकेंडला काय' असं शोधतेस ना, तिथेच घोळ आहे. तिकीट विकणारी ॲपं तिकीट असलेलेच कार्यक्रम दाखवणार, त्यांचा धंदाच तो आहे. ज्या कार्यक्रमातून कुणाला चार पैसे सुटत नाहीत, त्याची जाहिरात करणार कोण? आणि मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी नेमक्या अशाच असतात. वाचनालयातलं व्याख्यान, गॅलरीतलं प्रदर्शन, मैदानातला सामना, फिल्म सोसायटीचा खेळ. त्यांची खबर दाराबाहेरच्या फळ्यावर लागते, पेपरच्या मुंबई आवृत्तीत आतल्या पानावर छोट्या चौकटीत येते, नाहीतर नेहमी येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. म्हणून कार्यक्रमांच्या मागे धावू नकोस, आधी एक जागा धर. तिथे पुन्हा पुन्हा जा, कार्यक्रम आवडो न आवडो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पुढच्या महिन्यात काय आहे ते तिथलंच कुणीतरी तुला सांगेल.

कुठली जागा? तुझ्या लोकलच्या वाटेवरची. ट्रान्स-हार्बरने ठाणं तुला किती जवळ! स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चालत निघालीस की मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन. मी तुझ्या जागी असते तर तिथूनच सुरुवात केली असती. मराठी नाटकाचं जग असं आहे की नवख्या माणसाला ते पटकन आत घेतं. तिकीट फोनवरही मिळतं, पण एकदा तरी खिडकीवर जा. काउंटरवरचा माणूस आसनांचा प्लॅन समोर ठेवतो, आणि विचारलंस तर कुठून नीट दिसतं, कुठून नाही, सगळं सांगतो. पैसे जपून वापरायचे असतील तर बाल्कनी घे, काही बिघडत नाही. तिसऱ्या घंटेच्या आत बस. मध्यंतरात बाहेर येऊन गरम बटाटावडा खा, त्याच्याशिवाय आपल्याकडे नाटक पूर्ण होत नाही. आणि पडदा पडल्यावर लगेच गाडी पकडायला पळू नकोस. प्रयोगानंतर रंगपटात जाऊन कलाकारांना भेटायची आपल्याकडे जुनी रीत आहे. दार उघडं असतं, आत कुणी मेकअप पुसत असतं, कुणी सामान पेटीत भरत असतं. 'परभणीहून आलेय, काम फार आवडलं' एवढं बोललीस तरी पुरे. टीव्हीवर दिसणारी माणसं तुझ्या समोर घाम पुसत तुझं म्हणणं ऐकून घेतील. या शहराबद्दलची अर्धी भीती तिथेच जाते, हे मी खात्रीने सांगते.

गडकरी अंगवळणी पडलं की दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, तुझ्या बाजूला वाशीचं विष्णुदास भावे, अशी वाट आपोआप वाढते. मग कधीतरी प्रायोगिक नाटकाकडे वळ. १९७४ पासून पुढे जवळजवळ दोन दशकं दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जी चळवळ चालवली, तिच्यामुळे छोट्या जागेत, थोड्या माणसांपुढे काहीतरी नवं करून बघायची हिंमत या शहराला आली. आजही ती टिकून आहे. जुहूचं पृथ्वी थिएटर त्यासाठी बघच. १९७८ साली उघडलेलं, जेमतेम दोनशे माणसांचं, तीन बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये नट. तिथे आसनक्रमांक नसतात, रांगेत जो आधी तो पुढे, आणि उशीर झाला तर खरोखरच आत सोडत नाहीत. टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'चाय अँड व्हाय' या विज्ञानगप्पाही रविवारी सकाळी याच पृथ्वीत आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात रंगत आल्या आहेत. कुणीही जावं, काहीही विचारावं.

एक तारीख आत्ताच लिहून ठेव, २५ जानेवारीची रात्र. चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' एकांकिका स्पर्धा त्या रात्री सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. वर्षभरात वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे एकमेकींसमोर उभ्या राहतात. सगळी तुझ्या वयाची मुलं. प्रेक्षागृहात त्या रात्री जो आरडाओरडा, टाळ्या, शिट्ट्या असतात त्या दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाहीत. शेवटच्या गाडीची चिंता नाही, कारण बाहेर पडशील तेव्हा पहिल्या गाड्या सुरू झालेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी.

नाटकाला पैसे लागतात, व्याख्यानाला तेही नाहीत. 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' ही ओळ दिसली की बिनधास्त आत शिरायचं, राखीव रांगा सोडून कुठेही बसायचं. कुणी 'तुम्ही कोण' म्हणून विचारत नाही, उलट पांढऱ्या केसांच्या गर्दीत तरुण मुलगी दिसली की आयोजकांना आनंद होतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तिथे सभासद हो, पुस्तकं मिळतील आणि फळाही वाचायला मिळेल. जानेवारीत ठाण्यातच रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर जाण्यासारखी. आणि नरीमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राची पायरी चढायला बिचकू नकोस. तिथली झकपक बघून आपल्यासारख्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. तिथेच 'प्रतिबिंब' नावाचा मराठी नाट्योत्सवही होतो. साधी सलवार-कमीज घालून जा, ताठ मानेने बस.

सीएसएमटीला उतरून चालत जाता येईल अशी एक जागा म्हणजे काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात, म्हणजे जाशील तेव्हा नवीन काही. चित्रातलं कळत नाही म्हणून बाहेरून परत येऊ नकोस. बहुतेक वेळा चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो, टेबलावर अभिप्रायाची वही असते. एका चित्रापुढे थांब, बराच वेळ बघ, मग त्याला सरळ विचार, हा निळा इथे का आणला? माणूस खुलून बोलायला लागतो. सांगली, कोल्हापूर, अमरावतीहून आपली चित्रं गुंडाळून आणून, गॅलरी मिळायची वर्षानुवर्षं वाट पाहून बसलेले असतात ते. तुझ्या एका प्रश्नाचं त्यांना मोल असतं. जानेवारीच्या अखेरीस नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला याच परिसरात काळा घोडा महोत्सव भरतो. १९९९ पासूनचा, नऊ दिवसांचा आणि फुकट. रविवारी मात्र जाऊ नकोस, पाय ठेवायला जागा नसते आणि सगळे फोटो काढण्यात गुंतलेले असतात. मधल्या वारी अर्धा दिवस रजा टाक आणि डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेतल्या पुस्तकांच्या गप्पा ऐक.

बंद सभागृहात बसायचा कंटाळा आला तर तुझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर काय आहे ते तरी पाहिलंस का? ऐरोलीच्या खाडीकाठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून भरतीच्या वेळा बघून होड्या सुटतात आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत खाडीत रोहित पक्षी उतरलेले असतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. आधी वेळ विचारून घे, कारण भरती आपल्या सुट्टीप्रमाणे येत नाही. ओहोटीचीही एक गंमत आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी गिरगाव, जुहूसारख्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातात आणि खडकांमधल्या डबक्यांत काय काय जगतं ते दाखवतात. शंखात घर केलेले खेकडे, बोट जवळ नेलं की मिटणारी समुद्रफुलं, नशीब असेल तर ऑक्टोपस. चपला नकोत, जुने बूट घाल. जंगल हवं असेल तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहेच, फक्त सोमवारी ते बंद असतं.

पावसाळ्यात लोक म्हणतात, आता कुठे जाणार. आझाद मैदान नाहीतर क्रॉस मैदानावर जा. कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळवतात. गुडघ्याशी येईल असं गवत, चिखलाने माखलेल्या पँटी, आणि चेंडू सीमारेषेकडे जाता जाता पाण्यात अडकून थांबतो. एकाच मैदानात इतके सामने लागून चालतात की एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पिचजवळ उभा असतो. छत्री घेऊन दोरीपाशी उभी राहा, शेजारी उभे असलेले काका विचारल्याशिवायच सगळा इतिहास सांगतील.

आणि शहराच्या जत्रा चुकवू नकोस. सप्टेंबरमध्ये ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा असते. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवं तो मेणाचं घर. सगळ्या धर्मांची माणसं त्या चढावर रांगेत असतात. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, छोटी मूर्ती, साधी आरास. लालबागच्या रांगेत दिवस घालवण्यापेक्षा मी तरी तिथे जाईन. ६ डिसेंबरचं मी करमणुकीत धरत नाही, तो बाबासाहेबांना अभिवादनाचा दिवस आहे. पण तुझ्याच परभणी-नांदेडकडून गाड्या भरून माणसं येतात, आणि शिवाजी पार्कावर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तेवढी पुस्तकं घेणारी गर्दी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. जा, आणि घरून पिशवी घेऊन जा.

आता तुझा खरा प्रश्न, कुणाबरोबर? सुरुवातीला एकटीने. मैत्रीण तयार होईपर्यंत थांबलीस तर वर्ष जाईल. तिकीट काढ, मग ऑफिसात सांग, कुणी आलं तर उत्तम. नाटकाला एकट्या बायका कितीतरी येतात, तुझ्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. फक्त परतीचं आधी ठरव. रविवारी रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो, तो शनिवारीच बघून ठेव. ठाण्याहून तुझी शेवटची गाडी कधीची ते एम-इंडिकेटर ॲपवर पाहून तिच्या आधीची पकड. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस असतात, त्याच डब्यात बस. ऐरोलीला उतरल्यावर रिक्षात बसलीस की रूममेटला लोकेशन पाठव. आईला रात्री अकराला फोन करून घाबरवू नकोस, सकाळी सांग.

ओळखी वाढवायच्या तर नुसती प्रेक्षक राहू नकोस. व्याख्यान संपल्यावर खुर्च्या उचलायला हात लाव, बघ लोक कसे नाव विचारतात. तुझ्यात जोर आहे आणि ताल आहे, लहानपणी लेझीम खेळायचीस. गणपतीच्या दोन महिने आधी ठाणे-डोंबिवलीची ढोल-ताशा पथकं नव्या वादकांना घेतात, मुली भरपूर असतात, सराव संध्याकाळचा. एका मोसमात जेवढ्या मैत्रिणी होतील तेवढ्या ऑफिसात पाच वर्षांत होणार नाहीत. हात पहिले काही दिवस सोलवटतात, तेव्हा बोटांना चिकटपट्टी बांध.

महिनाभर हे कर. गडकरीला एक नाटक, ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व, जहांगीरची एक फेरी. बाकीचं नंतर. पुढच्या शनिवारचं दुपारचं नाटक बघणार असशील तर दोन तिकिटं काढ, मुलुंडहून मला दहा मिनिटं लागतात. पैसे मी देईन, वडा तू खाऊ घाल.

तुझी,
मावशी