वाघोलीत २ बीएचकेच्या फरश्या बदलायच्या आहेत. टाइल्स कुठल्या आणि कशा निवडाव्यात?

हॉल-बेडरूमला व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल घ्या. ती ०.५ टक्क्यांहूनही कमी पाणी शोषते. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांच्या वर शोषते आणि मऊ असते, त्यामुळे स्वस्त मिळाली म्हणून ती जमिनीवर लावू नका. बाथरूम आणि बाल्कनीत मॅट, अँटी-स्किडच हवी. शोरूममध्ये चकाचक दिसणारी ग्लॉसी टाइल ओल्या पायाखाली घसरगुंडी होते, घरात आजी-आजोबा असतील तर विचारूच नका.

तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर बाथरूमला काळी किंवा गडद टाइल टाळा. क्षारांचे पांढरे डाग आठवड्यात उठतात. मी हौसेने काळी लावली, आता दर रविवारी घासत बसतो!

खरा घोळ मोजणीत होतो. दुकानदार ज्याला ‘२ बाय २’ म्हणतो ती ६०० मिमीची असते. म्हणजे ४ टाइल्सचा बॉक्स १६ नाही, साधारण १५.५ चौरस फूट भरतो. त्यावर कटिंगसाठी १० टक्के जास्त धरा, तिरपी डिझाइन असेल तर १५. सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे टेम्पो सोडायच्या आधी बघा. नंतर तीच शेड मिळेल याची खात्री नाही. ३-४ टाइल्स माळ्यावर टाकून ठेवा.

बराचसा माल गुजरातच्या मोरबीहूनच येतो, तेव्हा २-३ दुकानं फिरून वाहतूक आणि जीएसटी धरूनच भाव विचारा. गवंड्याला मात्र २ मिमी स्पेसर (दोन टाइल्समध्ये सारखी फट ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) लावायला सांगाच. फटी भरायला बाथरूमला इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा रेझिनचा भराव).